सगळ्यांना हातात बॉल देऊ नकोस

मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या एका टेनिस क्लबवर असिस्टंट कोच आहे. वय २६. बाराव्या वर्षी बॉलबॉय म्हणून लागलो. कोर्टला पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, हेच काम. पुढे मार्कर म्हणून, म्हणजे मेंबरांना खेळवायला, त्यांच्याबरोबर खेळायला लागलो. दोन वर्षं झाली, मुलांची संध्याकाळची बॅच माझ्याकडे आहे. एक मुरुमाचं कोर्ट, १६ मुलं, वेळ ५ ते ७. त्यात १० वर्षांची एक मुलगी आहे. जिल्ह्यात १२ वर्षांखालच्या मुलींत तिला कुणी हरवत नाही, पण ती सगळे बॉल उंच उंच टाकून जिंकते. पुण्याला-मुंबईला गेली की पहिल्या-दुसऱ्या राउंडला हरून येते. तिची ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, बदलावी असं मला वाटतं. तिचे पप्पा म्हणतात, जिंकतेय ना, मग हात लावू नका, नाहीतर पुण्याला नेतो. लहान मुलांसाठी मी हळू येणारे लाल बॉल मागितले तर आमचे मोठे सर हसले. म्हणाले, बालवाडी आहे का, बास्केट लाव, टोपलीतून एकेक बॉल टाकत राहा. मी स्वतः मोठी स्पर्धा खेळलेलो नाही, सर्टिफिकेट नाही. मार्कर काय शिकवणार, असं लोक तोंडावर म्हणतात. हे काम करावं की सोडावं? तुम्ही मला अरेतुरेच करा.

— सांगलीकडचा एक कोच

आधी मार्करचं बोलू, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची मुळं मला तिथेच दिसतात.

ते काम ज्याने केलंय त्यालाच कळतं. मेंबर तासाचे पैसे देतो. त्याला घाम यायला हवा, पण कमीपणा वाटायला नको. त्याचा बॉल फ्रेमला लागून कुठेही जाऊ दे, तू पळत जाऊन तो पुन्हा त्याच्या फोरहँडला, कमरेच्या उंचीला, अगदी हातात आणून देतोस. ही कला आहे. भल्या भल्या रँकिंगवाल्यांना ती जमत नाही, कारण त्यांना समोरच्याला हरवायची सवय असते, खेळवायची नसते. तेव्हा ‘मार्कर काय शिकवणार’ म्हणणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. जाळीपलीकडचे जितके हात, जितक्या पकडी, जितके वाकडे पडणारे पाय तू पाहिलेस, तितके त्यांनी पाहिलेले नाहीत.

पण त्या कामाची एक खोडही लागते. तुझ्या पत्रावरून वाटतं, तुला ती लागलीय. तू सगळ्यांनाच हातात बॉल देतोस. मुलांना बास्केटमधून एकसारखा बॉल, पप्पांना हवं तसं उत्तर, मोठ्या सरांना ‘हो सर’. क्लबवर टिकायला हे लागतं, मला काय माहीत नाही? मुलं घडवायची तर मात्र बॉल कधी आखूड पडायला हवा, कधी पायात, कधी डोक्यावरून. आणि आपल्या तोंडून सूचना कमी जायला हव्यात.

बास्केटचा साधा हिशेब मांड. दर ३ सेकंदांना तू एक बॉल टाकतोस असं धरू. रांगेत १६ मुलं, म्हणजे एकाचा नंबर ४८ सेकंदांनी येणार. तासाला झाले ७५ बॉल. बॉल वेचण्याचा वेळ काढलास तर ५० राहतात. उरलेला सगळा वेळ मूल रांगेत उभं राहून पुढच्याच्या पोटरीला रॅकेट टोचतं. बरं, त्या ५० बॉलमध्ये त्याने स्वतः काय ठरवलं? बॉल कुठे येणार ते ठाऊक, कुठे मारायचा ते तू सांगितलेलं. मॅचमध्ये तर नेमके हेच दोन प्रश्न प्रत्येक बॉलला पडतात. मग सराव झाला तो कशाचा?

बास्केट फेकून दे असं मी म्हणत नाही. नवी पकड हातात बसवायची असेल, व्हॉलीला (टप्पा पडायच्या आत बॉल मारताना) पाऊल पुढे पडत नसेल, तिथे बास्केटच बरी. दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर मुलांनी मुलांशी खेळायचं.

‘कोर्ट एकच आहे’ असं तू म्हणशील. डबल्सचं कोर्ट १०.९७ मीटर रुंद असतं. लाल बॉलचं कोर्ट साधारण ११ मीटर लांब आणि ५.५ मीटर रुंद. म्हणजे ते आडवं टाकलं की साइडलाइनपासून साइडलाइनपर्यंत बरोबर बसतं. तुझ्या कोर्टची लांबी २३.७७ मीटर. जाळीच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन अशी चार छोटी कोर्टं निघतात. खुर्च्यांना सुतळी बांध, ८० सेंटिमीटर उंचीवर, झाली जाळी. एकेका कोर्टवर चार मुलं. सोळाच्या सोळा मुलं एकाच वेळी हलती राहतात आणि तू मोकळा होतोस. मोकळा म्हणजे बसायला नाही, बघायला. बॉल टाकणाऱ्याला मुलाचा हात दिसतो. पाय, डोळे आणि बॉल मारून झाल्यावरचा चेहरा दिसत नाही.

आता बालवाडीचं. मोठ्या सरांशी वाद घालू नकोस, फक्त एक आकडा सांग. नियमाप्रमाणे नेहमीचा पिवळा बॉल २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. आठ वर्षांच्या पोराची उंची बहुतेक वेळा त्याहून कमी. मुरुमावर उसळी थोडी मरते, तरी मॅचमध्ये बॉल खांद्याच्या वर येतोच. मोठ्या माणसाने रोज डोक्यावरून येणारे बॉल मारायचे ठरवले तर त्याचा खेळ कसा दिसेल ते सरांनाच विचार. लाल बॉल सुमारे ७५ टक्के हळू असतो, नारिंगी ५० आणि हिरवा २५ टक्के. शिवाय ते कमी उसळतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने (आयटीएफ) २०१२ पासून नियमच केला की १० वर्षांखालच्या स्पर्धा पिवळ्या बॉलने खेळवायच्या नाहीत. बालवाडी म्हणायचीच असेल तर ती नियमपुस्तकातली बालवाडी आहे.

तुझ्या त्या मुलीचं कोडंही इथेच सुटतं. सात वर्षांची असताना पिवळ्या बॉलवर सुरुवात केली असणार. बॉल कानाशी यायचा. कानाशी आलेला बॉल मारायला हात रॅकेटच्या दांड्याखाली सरकतो, त्याशिवाय तो बॉल जाळीपार जातच नाही. झाली टोकाची वेस्टर्न ग्रिप. त्या ग्रिपने खालचा बॉल उचलणं अवघड, आत येऊन सपाट मारणं त्याहून अवघड. मग मागे सरकायचं आणि उंच टाकायचा. पोरगी हुशार आहे म्हणून तिने हा मार्ग काढला. समोरची नऊ-दहा वर्षांची मुलगीही तितकीच बुटकी, तिला उंच बॉल परतवता येत नाही. पुण्यातल्या मुलींना येतो, कारण त्या रोज तसल्या बॉलवर खेळतात.

तेव्हा पहिली गोष्ट: उंच बॉल वाईट असं तिला चुकूनही म्हणू नकोस. तो तिने स्वतः कमावलाय. बॉल खोल टाकायचा, घाई करायची नाही, एक बॉल जास्त टाकायचा, हे बऱ्याच मुलांना पंधराव्या वर्षीही शिकवून येत नाही. तिच्याकडचं काही काढून घेऊ नकोस, त्यात भर घाल. समोरून आलेला बॉल सर्व्हिस लाइनच्या आत, म्हणजे आखूड, पडला तर पुढे जाऊन मारायचा, एवढंच आता शिकव. आणि तेही भाषण देऊन नको, खेळातून दे. कोर्टच्या आत येऊन जिंकलेला पॉइंट दोनदा मोजायचा, मागून जिंकलेला एकदा. महिनाभर तोंडातून एक शब्दही काढू नकोस. पोरांना हिशेब लवकर कळतो.

ग्रिप मात्र बदलायला हवी, आणि त्याची वेळ देवानेच नेमून दिलीय. जून ते सप्टेंबर. तुझं मुरुमाचं कोर्ट पावसाळ्यात बंद पडणार, स्पर्धा नसणार, म्हणून हरण्याची भीती नसणार. आपल्याकडे हे तीन-चार महिने पोरं घरी बसून घालवतात आणि ऑक्टोबरमध्ये हात गंजला म्हणून रडतात. तेव्हा बॅडमिंटन हॉल गाठ. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं. त्यात लाल बॉलचं कोर्ट आरामात बसतं. तिथे लाल आणि नारिंगी बॉल कमरेला येईल. कमरेला आलेल्या बॉलला ती टोकाची पकड गैरसोयीची होते आणि हात आपोआप थोडा वर, सेमी-वेस्टर्नकडे, सरकतो. आपण फक्त दांड्यावर पेनने खूण करून द्यायची. सर्व्हिसचंही तिथेच बघ. दहा वर्षांच्या मुली दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावरची) ढकलतात, कारण पकड फोरहँडचीच असते. खिळा ठोकताना हातोडी धरतो तशी रॅकेट धरायला लाव. आठ-दहा दिवस सगळे बॉल भलतीकडे जातील. जाऊ देत. ऑक्टोबरात कोर्ट उघडलं की थेट पिवळ्यावर उडी नको, मधे तीनेक आठवडे हिरवा बॉल.

आता पप्पा.

त्यांचं चुकतं असं मला सरसकट म्हणवत नाही. पेट्रोल त्यांचं, हॉटेल त्यांचं, रजा त्यांची. ३२ जणींच्या ड्रॉमध्ये १६ मुली एकच मॅच खेळून परत येतात. त्यातल्या एकीचा बाप रात्रीच्या एसटीत काय विचार करत असेल ते आपण कोच लोक सोयीने विसरतो. त्याच्या हातात एकच मोजमाप असतं, निकाल. तू त्याला दुसरं मोजमाप दिलंस तर तो ते घेईल. एक वही दे आणि सांग, तीनच गोष्टी मोजा: दुसरी सर्व्हिस किती वेळा पूर्ण हात फिरवून केली, आखूड बॉलवर किती वेळा पुढे आली, आणि पॉइंट गेल्यावर तुमच्याकडे किती वेळा बघितलं. तिसऱ्याचा आकडा पाहून बरेच बाप स्वतःच खुर्ची बदलतात.

त्यांना सॅम्प्रसचं सांग. त्यांच्या वयाच्या माणसाला तो आठवत असणारच. पीट सॅम्प्रस लहानपणी दोन हातांनी बॅकहँड मारायचा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने तो सोडून एकहाती घेतला. त्यापायी ज्या मुलांना तो हरवायचा त्यांच्याकडून हरायला लागला. १९९० मध्ये १९ व्या वर्षी त्याने यूएस ओपन जिंकली आणि पुढे विम्बल्डन सात वेळा. तुमची मुलगी सॅम्प्रस होईल असं वचन मात्र देऊ नकोस, कोचने असली वचनं देऊच नयेत. वय सरत चाललंय अशी त्यांची घाई असेल तर २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेचं सांग. मिश्र दुहेरीत सोनं जिंकलं तेव्हा ऋतुजा भोसले २७ वर्षांची होती आणि तिचा जोडीदार रोहन बोपण्णा ४३ चा.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. अकराव्या वर्षीच अंगाने दांडगा, सर्व्हिस अशी की बारा वर्षांखालची मुलं बाजूला व्हायची. मी त्याला दर आठवड्याला स्पर्धेला नेलं. ट्रॉफ्यांचे फोटो क्लबच्या बोर्डावर लागले, माझ्या बॅचला वेटिंग लागलं. रॅली कशी बांधायची ते मी त्याला शिकवलंच नाही, कारण तशी वेळच यायची नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाकीची मुलं उंच झाली आणि सर्व्हिस परत यायला लागली. सोळाव्या वर्षी त्याने रॅकेट ठेवली. आजही तो रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, पण टेनिसचा विषय काढत नाही. मीही काढत नाही.

म्हणून भिंतीवर पेन्सिलीने सगळ्या मुलांची उंची नोंदव, दर तीन महिन्यांनी. मुली साधारण १२ च्या आसपास झपाट्याने वाढतात, मुलं १४ च्या आसपास. अर्थात एखादं मूल दोन वर्षं आधी, एखादं दोन वर्षं नंतर. त्या काळात कालपर्यंत जमणारा शॉट आज जमत नाही, पाय अडखळतात. हा आळस नसतो, हाडं स्नायूंच्या पुढे पळत असतात. तेव्हा सर्व्हिसची संख्या कमी कर. टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हणालं मूल, तर ‘चालतं, खेळ’ म्हणू नकोस. कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत राहिली तर थेट हाडांचे डॉक्टर. किती तास खेळवायचं याला एक सोपा ठोकताळा आहे: आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत. दहा वर्षांची मुलगी, तर फार तर दहा तास, आणि त्यात स्पर्धाही आली. उरलेल्या वेळात तिला लंगडी, खो-खो, पोहणं, काय हवं ते करू दे.

स्पर्धांचंही असंच. दोन जिंकल्या तर एक हरावी, असं प्रमाण साधारण ठीक असतं. ती जिल्ह्यात सगळ्या जिंकते म्हणजे जिल्हा तिला पुरत नाही. आठवड्यातून एकदा तिला तिच्याहून मोठ्या मुलांशी खेळव. आणि क्लबवरच दर पंधरा दिवसांनी साखळी सामने ठेव, चार गेमचे छोटे सेट. रविवारी सकाळी प्रत्येक मुलाला तीन-चार मॅच मिळतील आणि एसटीचं तिकीटही लागणार नाही. अंपायर नको. लहानांच्या स्पर्धांत पहिल्या फेऱ्यांना खुर्चीवर कुणी नसतंच, मुलांनाच स्कोअर सांगावा लागतो आणि लाइन कॉल द्यावे लागतात. बॉल रेषेला टेकला तर इन, शंका असली तर पॉइंट समोरच्याचा. हे घरीच शिकलेलं बरं. बाहेरगावी जाऊन रडत शिकायला नको.

पुण्याला न्यायची धमकी तुला जास्त लागलीय, असं पत्रावरून दिसतं. जोकोविचची पहिली कोच येलेना गेंचिच माहीत आहे? कोपाओनिक नावाच्या डोंगरावरच्या कोर्टवर तिने त्याला सहाएक वर्षांचा असताना पाहिलं. त्याच्या बॅगेत रॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, केळं, जास्तीचा शर्ट असं सगळं नीट भरलेलं होतं. आईने भरली का, असं तिने विचारलं, तर पोरगा रागावला. मीच भरली, म्हणाला. पाच-सहा वर्षं तिने त्याला शिकवलं. बारा वर्षांचा झाल्यावर तिनेच त्याला जर्मनीत निकी पिलिचच्या अकादमीत पाठवायला लावलं. आपल्याकडे त्याला पुढे द्यायला आता पुरेसं नाही, हे तिला कळलं.

तुलाही तो दिवस ओळखायचाय, पण तो आज नाही. दहाव्या वर्षी आई-वडील, शाळा, मैत्रिणी सोडून पुण्याला जाण्यासारखं तिथे असं काय आहे जे पावसाळ्यात बॅडमिंटन हॉलमध्ये तू तिला देऊ शकत नाहीस? तेराव्या-चौदाव्या वर्षी तिला रोज तिच्या तोडीच्या चार मुली लागतील, आणि त्या तुझ्याकडे नसतील. तेव्हा तूच पप्पांना फोन करून सांग. तोवर एवढंच कर, उद्यापासून तिची बॅग तिने भरायची आणि तिनेच उचलायची. बाटलीसुद्धा.

सर्टिफिकेटचं. ते काढ, लाजू नकोस. आयटीएफचा प्ले टेनिस कोर्स आहे, नंतर लेव्हल वन. अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत हे कोर्स होतात, राज्य संघटनेकडे चौकशी कर. आयटीएफ अकॅडमीवर मोबाइलवरूनही बरंच शिकता येतं. इंग्रजी अडेल, मुलांपैकी एखाद्याला शेजारी बसव. पण कोर्सने तू कोच होशील असं समजू नकोस. रोज रात्री दोन ओळी लिही: आज कुणाला काय जमलं, आणि मी कुठे जास्त बोललो. महिन्यातून एकदा मोबाइल खांबाला बांधून स्वतःच्या बॅचचं शूटिंग कर. मुलांचं नको, तुझंच. पहिल्यांदा बघताना लाज वाटते, मला वाटली होती. एका तासात मी ‘बॉल बघ’ किती वेळा म्हणाले ते मोजायला घेतलं आणि चाळीसनंतर सोडून दिलं. आणि मॅच बघायला जा. टीव्हीवर नको, तिथे कॅमेरा फक्त बॉलच्या मागे पळतो. सोलापूरला, पुण्याला महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होतात. एखादी लागली तर मुलीला आणि तिच्या आईला घेऊन जा. (आई किंवा वडील बरोबर असल्याशिवाय कुठल्याच मुलाला बाहेरगावी नेऊ नकोस, आणि मेसेज नेहमी पालकांच्या ग्रुपवरच. हे मी प्रत्येक तरुण कोचला सांगते.) कोर्टच्या मागे, बेसलाइनच्या (शेवटच्या रेषेच्या) पाठीमागे खालीच बस. तिथून उंची, फिरकी आणि पाय दिसतात.

राहिले मोठे सर. तुला वाटतं ते तुझ्या वाटेत आहेत. मला वाटतं तू त्यांना अजून काही मागितलेलंच नाहीस. त्यांना म्हण, सर, शनिवारी अर्धा तास माझी बॅच बघा आणि माझी एक चूक सांगा. एकच. जुन्या माणसाला सर्टिफिकेट नसेल, पण नजर असते. तुला आजवर कुणी अवघड बॉल टाकलेला नाही, ते टाकतील. मुलं छोट्या कोर्टवर पळताना त्यांच्यासमोर असतील, तेव्हा बालवाडीचं काय ते त्यांचं त्यांना दिसेल. नाही दिसलं तरी शनिवार तुझा झाला.

करावं की सोडावं याचं उत्तर मी देत नाही. ऑक्टोबरात कोर्ट उघडल्यावर तूच मला लिही.

आणि पहिला पाऊस पडायच्या आत बॅडमिंटन हॉलच्या सेक्रेटरींना भेट. जून लागला की सगळे तिकडेच धावतात. दुपारी २ ते ४ चा स्लॉट माग, तो कुणालाच नको असतो, शिवाय स्वस्त पडतो. शाळा सकाळची असलेली मुलं तेवढी घे. रेघांसाठी कागदी चिकटपट्टी घेऊन जा. खडूने लाकडी फ्लोअर खराब झाला तर पुढच्या वर्षी आत घेणार नाहीत.